हात उचलणाऱ्या साळवेबाई

साळवेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी बर्फाचा डबा भिरकावला होता. तो माझ्या कानाजवळून गेला आणि दारावर आपटून फुटला. नेम माझ्यावर नव्हता. माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका तरुण हरयाणवी डॉक्टरवर होता. तो चपळाईनं खाली वाकला आणि हातात फाइल घेऊन बाईंच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायला आलेला मी मधे सापडलो. त्याचा गुन्हा एवढाच की ऑपरेशन थिएटरमधून आणलेला मेंदूतल्या गाठीचा तुकडा त्यानं सवयीनं फॉर्मॅलिनमध्ये टाकला होता. पॅथॉलॉजीत सगळे तसंच करतात. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा टिकतो, पण त्यातल्या पेशी मरतात, आणि बाईंना त्या जिवंत हव्या असायच्या. "मारून आणलंस, मुडद्या," त्या चक्क मराठीत ओरडल्या. त्याला शब्द कळला नसावा, अर्थ मात्र पोचला. मग त्याच दमात मला विचारलं, "तू कोण?" मी मोमीन, परभणीचा, असं सांगितलं. "मग बघत काय उभा राहिलास? बर्फ उचल," त्या म्हणाल्या. दिल्लीतल्या माझ्या नोकरीचा श्रीगणेशा असा झाला.

डॉ. मार्था साळवे मूळच्या नगरच्या. मिशनच्या शाळेत शिकलेल्या, उंच, हाडापेरानं मजबूत, केस पांढरे आणि कापलेले. दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठींवर त्यांनी उभा जन्म काढला. बाकी सगळे त्यांना मॅडम म्हणत. मी मराठी, म्हणून बाई म्हणायचो, आणि ते त्यांना आवडायचं. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. तिथल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी सेक्रेटरीच्या दिशेनं खुर्ची ढकलली होती, ही गोष्ट त्या स्वतःच कौतुकानं सांगत. रविवारी प्रार्थनेला जात आणि पाद्रीसाहेबांशी भांडून परत येत. मेट्रोत कुणा माणसाचा हात नको तिथं लागला तर आधी कोपर मारत आणि मग हिंदीत सांगत, "अगली बार हाथ तोड़ दूँगी." त्यांच्याबरोबर प्रवास करताना मी दोन पावलं मागेच असायचो.

प्रयोगशाळेत कप फुटायचे, ड्रॉवर आपटायचे, फोन भिंतीवर जायचे. सूक्ष्मदर्शकाला मात्र त्यांनी कधी धक्का लावला नाही. त्याच्यापुढे बसल्या की आवाज खाली यायचा. डोळा काचेला लावून त्या समोरच्या पेशींना विचारायच्या, "बोल, कुणाचं कार्टं तू?" नव्या माणसाला वाटायचं, बाईंचं डोकं फिरलंय. पण तेच त्यांचं काम होतं. म्हातारपणीचा कर्करोग हा झिजलेल्या, मार खाल्लेल्या पेशींचा असतो, असं त्या शिकवायच्या. मुलांच्या मेंदूतली गाठ बहुतेक वेळा तशी नसते. बाळाचा मेंदू घडत असताना त्यात नाना तऱ्हेच्या कोवळ्या पेशी असतात. त्या वाढतात, आपापल्या जागी सरकतात, मोठ्या होतात आणि वाढायच्या थांबतात. त्यातली एखादी मोठी व्हायलाच नकार देते. ती नेमकी कुठल्या घराण्यातली, कुठल्या टप्प्यावर अडली, हे कळलं तर तिला थांबवायचा रस्ता कधीतरी सापडेल, या एका हट्टापायी बाई जगत होत्या. "अंदाज घरी ठेवून या, इथं जिवंत पेशी घेऊन या," असं त्या आम्हाला बजावायच्या.

त्यांचं हे काम पुस्तकी वाटलं तरी ते रक्तात बुडालेलं होतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाची कवटी मागून उघडलेली असायची, आणि बाई थिएटरच्या दारात हातात गार डबा घेऊन उभ्या असायच्या. तुकडा मिळाला की धावत सुटायच्या. वाटेत आलेल्या माणसाला, स्ट्रेचरला, एकदा तर आमच्या संचालकांनासुद्धा त्यांनी खांद्यानं बाजूला फेकलं. मला त्यांची भीती वाटायची आणि त्यांच्यावर जीवही होता. दोन्ही एकदम असू शकतं, हे मला त्यांच्याकडे आल्यावर कळलं.

रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलणं हे बाईंचं काम नव्हतं. ते सर्जन करत. पण लोक वास काढत प्रयोगशाळेपर्यंत यायचेच. बाई त्यांना हिंदीत दोन वाक्यांत वाटेला लावत. हिंदीत त्या नेहमी तुटक बोलायच्या.

मग इरा भोईटे आली. नऊ वर्षांची. सकाळी उठली की उलट्या, चालताना झोकांड्या, वर्गात पडली म्हणून शाळेनं घरी पाठवलेली. वडील मूळचे साताऱ्याचे, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी. आई वैशालीसुद्धा सरकारी नोकरीत. आर. के. पुरमला क्वार्टर, घरात भोईट्यांची आई. सगळं व्यवस्थित, हळू बोलणारं कुटुंब. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाई मुद्दाम तिला बघायला गेल्या. दिल्लीत वाढलेली पोर, तिनं विचारलं, "बाई, माझ्या डोक्यात जे घुसलंय ना, ते पूरा निकाल देंगे ना?" बाई म्हणाल्या, "मी स्वतः दारात उभी राहते. बाहेर आलं की धरतेच त्याला." इरा खुश झाली. तिला बाई पोलीस वाटल्या असाव्यात.

गाठ लहान मेंदूतली होती, डोक्याच्या मागच्या भागातली. बरीचशी निघाली. पण ऑपरेशननंतर इराची वाचा गेली. या भागातल्या ऑपरेशननंतर काही मुलांचं असं होतं आणि बहुधा ते हळूहळू सुधारतं. ती नुसती पडून राहायची आणि दाराकडे बघायची.

अहवाल आला तेव्हा भोईटे नवराबायको बाईंच्या खोलीत आले. बाईंनी किटलीत चहा टाकला. मराठी माणसं, मुलीशी ओळख झालेली, आणि भोईटे लक्ष देऊन ऐकणारे. बाई मराठीत मोकळ्या सुटल्या. मी तिथंच बसलो होतो आणि खरं सांगतो, इतकं सुंदर समजावून सांगताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. बाळ पोटात असताना आणि जन्मानंतरही काही महिने लहान मेंदूत नव्या पेशींची कशी झुंबड उडते, त्या आत सरकत आपली जागा कशा गाठतात, आणि इराच्या काही पेशी कशा तान्ह्याच राहिल्या, दडून बसल्या आणि इतक्या वर्षांनी उसळल्या.

"म्हणजे सुरुवात जन्माआधीची?" भोईट्यांनी विचारलं.

"बरोबर. आईच्या पोटातली," बाई म्हणाल्या. वर्गातल्या हुशार मुलाचा प्रश्न आल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला होता.

भोईट्यांनी चष्मा काढून पुसला, आभार मानले आणि उठले. वैशालीनं चहाला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली. खालचा ओठ फाटलेला, एक डोळा काळानिळा होऊन मिटलेला आणि डावा हात ओढणीत गुंडाळलेला. बाईंनी ओढणी सोडली तर दोन बोटं उलटी वळलेली, सुजलेली. दारात सापडली, असं वैशाली म्हणाली. बाईंनी डब्यातला बर्फ काढून त्या बोटांवर धरला. मग तिनं खरं काय ते सांगितलं. इराच्या वेळी सातव्या महिन्यात ग्रहण होतं. गरोदर बाईनं ग्रहणात काही कापू नये, चिरू नये, असं सासूबाईंचं म्हणणं. वैशाली त्या दिवशी ऑफिसला गेली आणि भूक लागली म्हणून पेरू कापून खाल्ला. ते तिनंच घरी येऊन हसत सांगितलं होतं. इरा आजारी पडल्यापासून सासूबाई तो पेरू रोज काढत होत्या आणि भोईटे आईला हसण्यावारी नेत होते. ते शिकलेले होते, असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. पण काल रात्री जेवताना त्यांनी आईला सांगितलं की डॉक्टरांचंही तेच म्हणणं आहे, पोटातच झालं. सासूबाई म्हणाल्या, मी काय वेगळं सांगत होते? तेव्हा ते ताटावरून उठले. लग्नापासून त्यांनी कधी हात उचलला नव्हता. काल आधी हातानं मारलं, मग तिची बोटं दारात धरून दार ओढलं. पेरू कापणारा हात कुठला, हे त्यांनी तिला विचारून घेतलं होतं. ती डावखुरी होती.

हे सगळं सांगून झाल्यावर तिनं बाईंना विचारलं, "पण बाई, खरंच आहे ना ते? माझ्याच पोटात झालं ना?" तिचा स्वतःचा विश्वास बसला होता, हे सगळ्यात वाईट होतं. आमच्या वॉर्डात एका रुग्णाजवळ एकच माणूस थांबू शकतो, त्याचं कार्ड असतं. ते कार्ड तिच्याकडून काढून सासूबाईंना दिलं होतं. या बाईची सावली मुलीवर पडायला नको, असं घरात ठरलं होतं. बोलता न येणारी मुलगी दाराकडे बघत पडलेली आणि आई खालच्या मजल्यावर.

बाई उठल्या तेव्हा खुर्ची मागे कोसळली. मी पाठोपाठ धावलो. भोईटे वॉर्डाबाहेर खांबाला टेकून फोनवर बोलत होते, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. बाई ओरडत होत्या, की पेरूनं काही होत नाही, ग्रहणानं काही होत नाही, तुम्ही माणूस आहात की जनावर. भोईट्यांनी फोन बंद केला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगितलंत. मी फक्त ऐकलं."

बाईंनी त्यांना मारलं. पहिल्या थोबाडीत चष्मा उडाला. दुसरी बसली तेव्हा ते खांबावर आदळले. मग बाईंनी कॉलर धरली आणि डोकं खांबावर हाणलं, एकदा नाही, अनेकदा, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडून एकच शब्द येत होता, "ऐकलंस? ऐकलंस?" कातडी फाटून रक्त कानामागून कॉलरवर उतरलं. दोन गार्ड आणि मी मिळून बाईंना ओढलं. ओढताना त्यांचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि माझा एक दात हलला. खरं सांगायचं तर मला ओढायची घाई नव्हती. गार्ड आले म्हणून मी हात लावला.

व्हायचं तेच झालं. भोईटे सरकारी माणूस, तक्रार कुठं आणि कशी करायची ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाईंची चौकशी लागली, वॉर्डात पाय ठेवायला बंदी झाली. पोलिसांत प्रकरण जायचं बाकी होतं. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण त्यांच्या मारानं वैशालीची वाट आणखी बंद झाली. भोईट्यांनी गार्डला सांगून ठेवलं, ही डॉक्टर आणि माझी बायको, दोघींना मुलीजवळ सोडायचं नाही. इरानं तोंड उघडणं बंद केलं होतं. नळीनं अन्न घालावं लागत होतं, ती नळी उपटत होती, म्हणून तिचे हात पलंगाला बांधले होते. मी वर जाऊन बघून यायचो आणि बाईंना सांगायचो. त्या ऐकायच्या आणि काहीही फेकायच्या नाहीत. ते मला फेकण्यापेक्षा भयंकर वाटायचं.

रुग्णालयाच्या उपअधीक्षकांच्या खोलीत बैठक झाली. टेबलाच्या एका बाजूला भोईटे, डोक्याला पट्टी. दुसऱ्या बाजूला बाई, आणि साक्षीदार म्हणून मी. साहेबांनी माफीचा विषय काढायच्या आधीच बाई म्हणाल्या, "माफी मागते. हवी तशी मागते. कार्ड वैशालीला द्या."

"आधी हे सांगा," भोईटे म्हणाले, "तुम्ही तेव्हा खोटं बोललात का?"

मला वाटलं, आता बाई हो म्हणतील आणि सुटतील. माझ्या जिभेवर तर हो आलंच होतं. पण पेशींच्या बाबतीत त्या आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या.

"नाही. खरं होतं. पण अर्धंच सांगितलं," त्या म्हणाल्या. "पोटात होतं म्हणजे आई करते असं नाही. आई काही करत नाही, बाप करत नाही, कुणीच काही करत नाही. एवढ्या पेशी घडताना एखादी चुकते. का चुकते ते मला माहीत नाही. तेच शोधत म्हातारी झाले."

"कुणीच केलं नाही? असं कसं होईल, मॅडम?" भोईट्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटला. तो प्रश्न चुकवायला विचारलेला नव्हता. त्यांना खरंच कुणीतरी हवं होतं. तेवढ्यापुरती मला त्या माणसाची दया आली आणि स्वतःचा संतापही आला.

बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या आणि खाली वाकून त्यांनी भोईट्यांच्या पायांना हात लावला. पांढऱ्या केसांची, त्यांच्या आईच्या वयाची बाई. भोईटे पाय चोरून ताडकन उभेच राहिले. आपल्याकडे वडीलधाऱ्यानं लहानाच्या पाया पडणं म्हणजे त्या लहानाला सरळ पापात ढकलणं, आणि हे बाईंना पुरेपूर माहीत होतं. "उठा हो, उठा," ते म्हणू लागले. बाई उठेनात. त्यांनी दोन्ही घोटे धरून ठेवले होते, आणि हाताच्या शिरा वर आलेल्या मला दिसत होत्या. खांबावर डोकं आपटलं तेव्हा भोईटे इतके घाबरले नव्हते. त्यांनी घाईघाईनं फोन काढला आणि सगळ्यांसमोर आईला कार्ड घेऊन खाली यायला सांगितलं. मी बाईंना पुष्कळांना मारताना पाहिलं, पण एवढं जिव्हारी मारलेलं दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

वैशाली त्याच दिवशी वर गेली. इराचे हात तिनं सोडले, आणि संध्याकाळपर्यंत पोरीनं चार चमचे पेज खाल्ली. काही आठवड्यांनी तिची वाचाही आली, थोडी अडखळत. भोईटे बदलले, असं मी म्हणणार नाही. ते येत, औषधं आणून देत आणि बायकोशी न बोलता जात. वैशाली क्वार्टर सोडून करोल बागेत मैत्रिणीकडे राहायला गेली.

बाईंची एक पद्धत तेव्हापासून कायमची बदलली. कुठल्याही आईबापांना त्या मुद्दाम खुर्चीत बसवत आणि पहिलं वाक्य म्हणत, "तुम्ही काही केलेलं नाही." मग गाठ, मग पेशी, मग उपचार. हिंदीत असो की मराठीत, पहिलं वाक्य तेच. ते ऐकून बापांचे खांदे पडत आणि आया रडत. मध्येच कुणी विचारलं, मग झालं कुणामुळे, तर बाई तेच वाक्य पुन्हा म्हणत, आवाज न चढवता. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. आता तेच वाक्य मी म्हणतो, आणि दर वेळी मला ते अपुरं वाटतं. का वाटतं, ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं.

त्या बैठकीनंतर इरावर रेडिएशन झालं, केमो झाली. गाठ मागं हटली, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाठीच्या कण्यातून परत आली. पेशी बाईंनी पाहिल्या. त्याच होत्या, तशाच तान्ह्या, तशाच माजलेल्या. या वेळी त्यांनी विचारलं नाही कुणाचं कार्टं म्हणून. त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

भर दुपारी इरा गेली. बाईंना वॉर्डात अजून बंदी होती, म्हणून त्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, मी शेजारी. दार उघडून वैशाली बाहेर आली. मागून भोईटे आले आणि लांब, जिन्यापाशी थांबले. वैशालीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर पुढे नेली. मग ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली. बाई उठल्या.

"तुम्ही म्हणालात, कुणी काही केलं नाही," वैशाली म्हणाली.

"नाही केलं," बाई म्हणाल्या.

वैशालीनं त्यांच्या तोंडात मारली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी मारू लागली, मुठींनी, तोंडावर, छातीवर, जिथं लागेल तिथं. ती दोन बोटं नीट जुळलेली नव्हती, तीही ती वापरत होती. तिच्या काचेच्या बांगड्या फुटल्या आणि बाईंच्या गालावर उभी चीर पडली. लोक धावले, गार्ड धावला, मी वैशालीचे खांदे धरले.

"सोड," बाई मला म्हणाल्या. "हात लावू नकोस. मारायला तिला दुसरं कुणी नाहीये."

मी सोडलं. गार्डलाही मी अडवलं. बाईंचे दोन्ही हात खाली होते. गालावरून रक्त हनुवटीपर्यंत आलं तरी त्यांनी तोंड वळवलं नाही, आणि वैशाली मारत राहिली, मारत राहिली, तिच्या हातातलं बळ संपेपर्यंत.